आत्याबाईंच्या अर्ध्या गोधड्या

आमच्या आत्याबाईंनी जन्मात एक गोधडी पुरी केली नाही. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या कोल्हारकडं सासूला तसंच म्हणतात. गोधडी कडेनं शिवत शिवत आत यायची असते. आत्याबाई चिंध्यांसाठी सगळा गाव पालथा घालणार, रंगाला रंग जुळवताना जेवायचं विसरणार, आणि कडेची नक्षी दिसायला लागली की सुई टोचून उठणार. "झाली की आता!" कुठं झाली, कपाळ! घरातल्या सगळ्या गोधड्या मधोमध बिनटाक्याच्या, पोकळ. थंडीत आत भरलेलं जुनं लुगडं गोळा होऊन पायाशी यायचं.

मी तेव्हा नवी नवरी, पण तोंडाची फटकळ. आळशी बाई, दुसरं काय, असं मी शेजारणीला बोलून मोकळी झाले होते.

आमचे हे त्यांचेच चिरंजीव. धंद्यानं वायरमन. पंख्यात काय बिघडलंय ते नुसत्या आवाजावरून सांगायचे. पण पिठाची गिरणी घातली, रेडिओ दुरुस्ती केली, स्टँडवर व्हिडिओचं दुकान टाकलं, आणि सगळ्याची एकच गत. मांडामांड होईपर्यंत माणूस झपाटलेला. गिऱ्हाईक यायला लागलं की यांचं मन उडालंच. मग दिवसभर खाटेवर पडून वर बघत राहायचं. दारू नाही, पत्ते नाहीत, काहीच नाही. "लग्न करून द्या, येईल ताळ्यावर," असं भावकीनं ठरवलं. म्हणजे औषध कोण, तर मी!

नव्वद सालानंतर हे साखर कारखान्यात हंगामी कामगार म्हणून लागले. हंगामी माणसाला कायम करून घेतील की नाही, याचा काही भरवसा नसतो. पण तेवढ्याच गोष्टीनं यांना पिसं लावलं. कामगारांची मीटिंग चुकवली नाही, पाळी चुकवली नाही, पुढाऱ्याच्या दारात सायकल लावून बसायचे. असे तीन हंगाम गेले. गावातल्या बायका म्हणायच्या, "तुझा पायगुण गं." खोटं कशाला बोलू, मी फुगले होते. मला काय सोनंनाणं नको होतं. या घरात एक गोष्ट टिकावी, एवढंच मागणं होतं. मूलही मी त्यासाठीच लांबवलं होतं.

शेवटी हे परमनंट झाले. मी पेढे आणले, आधी देवापुढं ठेवले, मग आत्याबाईंच्या हातावर. त्यांनी पेढा तसाच परत ताटात ठेवला.

"आता वाटून काय करतीस? मिळालं म्हंजे सरलं त्याचं."

"घरातच अशी काळी जीभ असल्यावर बाहेरचे वैरी कशाला पाहिजेत?" मी ताडकन बोलले. त्या कोपऱ्यात जाऊन चिंध्या निवडत बसल्या.

दिवाळीसुद्धा गाठली नाही हो! आधी उशीर, मग दांड्या, मग पाळीवर झोप. साहेबानं समज दिली, नंतर निलंबन, आणि वर्ष सरायच्या आत कामावरून काढून टाकलं. परमनंट माणसाला काढायचं म्हणजे काय खायचं काम आहे? यांनी ते करून दाखवलं. मी रडले, भांडले, हाताला धरून हलवलं. तर म्हणतात कसे, "मलाबी कळत न्हाई गं. गेटात शिरलं की समदं अळणी लागतं." ते ऐकून माझा राग गेला आणि भीती वाटायला लागली. तोवर मला दिवस गेलेले होते.

कुणीतरी सांगितलं, नगरला सावेडीत पुण्याचा मनाच्या आजारांचा डॉक्टर येतो. हे, मी आणि आत्याबाई, तिघं एसटीनं गेलो. डॉक्टर भला माणूस होता, पुष्कळ विचारलं. मग मला म्हणाला, "ताई, मिळेल मिळेल या आशेवर यांचा मेंदू धावतो. मिळाल्यावर आपल्याला जी गोडी वाटते, ती यांना टिकत नाही. हा आळस नव्हे. लहान मुलांत हे आम्ही ओळखतो, मोठ्यांचं अजून आम्हीच शिकतोय." त्यानं आजाराचं इंग्रजी नावही सांगितलं, ते माझ्या ध्यानात राहिलं नाही. "पुष्कळदा रक्तातून येतं. घरात आणखी कुणाला असं?"

मी यांच्याकडं बघितलं, तर यांचं लक्ष डॉक्टरच्या कुरकुरणाऱ्या पंख्याकडं.

"मी हाय की," आत्याबाई म्हणाल्या. "माझा बाप बी तसलाच हुता."

औषधाचं विचारलं, तर इथं देण्यासारखं आपल्याजवळ काही नाही म्हणाला. खाण तशी माती, हे सांगायला डॉक्टर कशाला लागतो, असं ओठांवर आलं होतं. गिळलं.

परतीच्या एसटीत राहुरी आली, तशा आत्याबाई माझ्याकडं सरकल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजे मी आळशी न्हवते व्हय गं?"

"नव्हता, आत्याबाई."

पदर तोंडाला लावून ती म्हातारी हुंदके देऊन रडली. सगळी गाडी वळून बघत होती. हे खिडकीला डोकं टेकून झोपले होते.

त्या दिवसापासून त्यांनी एक धरलं. येताजाता माझ्या पोटावर हात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "तुझ्यावर जाऊ दे बाई. माझ्यावानी नगं." बाळासाठी गोधडीही घेतली शिवायला. ही पुरी करणार म्हणाल्या. कडेची नक्षी दिसायला लागली आणि एका दुपारी सुई टोचलेली मला कोनाड्यात सापडली. मी ती तशीच घडी घालून ठेवली.

मुलगी झाली. आळीतल्या बायका बघायला आल्या. आत्याबाईंनी मांडीवर घेतली होती, त्याच गोधडीत. "अगं बया," एकजण कौतुकानं म्हणाली, "ही तर आजीच! डोळे बघा कसे, एका जागी ठरंनात."

आत्याबाईंनी पोर माझ्या कुशीत ठेवली, गोधडीतलं गोळा झालेलं लुगडं हातानं सारखं केलं, आणि उठून बाहेर गेल्या.