शनिवारी आम्ही जामसांवलीला गेलो नाही

मागच्या महिन्यात एका शनिवारी मी आणि माझी लेक जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला गेलो होतो... निदान आमच्या बोरगावात तरी तसंच सांगितलं होतं.

खरं म्हणजे मी श्रुतीला घेऊन पांढुर्ण्याला गेले होते. आठवीतली पोर, दिवाळीपासून शाळेत जाईना, धड झोपेना, बोलणं तर जवळपास बंदच. मुलांच्या मनाच्या डॉक्टर नागपूरहून तिथे महिन्यातून एकदाच येतात. पण गावात कळलं तर पोरीवर कायमचा ‘वेडी’चा शिक्का... म्हणून मारुतीरायाचं नाव पुढे केलं. जामसांवलीला कोण कशासाठी चाललंय, हे आमच्याकडे कुणी खोदून विचारत नाही.

त्या डॉक्टरीणबाईंवरही माझा भरवसा नव्हताच. औषध द्यायचं तर द्या, पण लेकराला एकटीला आत घेऊन दार कशाला लावायचं? घरातलं काय काय विचारतील, उद्या आमच्यावरच उलटलं तर... असं सगळं डोक्यात चाललेलं.

तेवढ्यात दवाखान्यातल्या समोरच्या बाकावर नजर गेली. आमच्या शेजारच्या शालूकाकू! गावभर बातमी पोचवण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. क्षणभर वाटलं, या माझ्या मागावरच आल्या... मग त्यांना चिकटून बसलेली नात दिसली. तरी माझा धीर सुटलाच. श्रुतीचा हात धरला आणि म्हटलं, चल, पुढच्या महिन्यात येऊ.

ती उठली नाही. हात सोडवून घेतला.

“आई, मले जाऊ दे आत. मले सांगाचं हाय.”

कितीतरी दिवसांत तिच्या तोंडून एवढंही ऐकलं नव्हतं. मला तिथेच रडू फुटलं.

काकूंनी आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली, बाकावर जागा केली. “बस न वं. मी बी कोनाले सांगून नाई आली.”

बसले. श्रुतीचा नंबर आला, ती आत गेली, दार लागलं... माझे कान मात्र दाराकडेच. काकूंवर तरी पूर्ण विश्वास कुठे होता? खरं सांगते, अजूनही नाही. हे लिहितेय तेसुद्धा श्रुतीला विचारून आणि काकूंचं नाव बदलून.

ती आत काय बोलली, मला आजही माहीत नाही. परतीच्या बसमध्ये दहादा ओठांवर आलं... विचारलं नाही. माझ्या लेकीला बोलायला कुणीतरी मिळालं. ते कुणीतरी मी नव्हते, तरी चालेल.