दोन परवाने, एक लस

गेल्या वर्षी एप्रिलमधल्या एका मंगळवारी, लखनऊच्या एका सरकारी रुग्णालयात, माझ्या नवऱ्याला पीतज्वराची लस नाकारण्यात आली. मला देण्यात आली. त्या लसीच्या दाखल्याशिवाय युगांडात प्रवेश मिळत नाही. जुलैमध्ये तिथल्या जंगलात डोंगरी गोरिला पाहायला जायचे आम्ही ठरवले होते आणि दोघांचे परवाने तोवर हातात आले होते.

बेत नवऱ्याचा होता. तो रेल्वेत पुलांचा इंजिनिअर. नोकरीची शेवटची वर्षे लखनऊत गेली आणि निवृत्तीनंतर आम्ही इंदिरा नगरातच राहिलो. मूळचे दोघेही साताऱ्याचे, कॉलेजात एकाच वर्गात, त्यामुळे आमच्यात अहो-जाहो कधी झाले नाही. त्या दिवसांत तो सुटी मिळाली की किल्ल्यावर जायचा. नोकरीत ते सुटले. डोंगरी गोरिला जगातल्या कुठल्याच प्राणिसंग्रहालयात नाहीत, कोंडले तर ते जगत नाहीत, असे त्याने वाचले आणि तिथून हा विषय सुरू झाला. ते पाहायचे तर त्यांच्या डोंगरात चालत जावे लागते. कधी तासा-दोन तासांत सापडतात, कधी दिवस जातो. सापडल्यावर एक तास मिळतो, त्यानंतर थांबू देत नाहीत.

"एक तास समोर बसायचं," तो म्हणायचा. "त्यांना वाटलं तर बघतील आपल्याकडे."

मार्ग, मुक्काम, हंगाम त्याने ठरवला. तपासणीचे काम माझ्याकडे आले. मी नोकरीचा बहुतेक काळ एका दैनिकाच्या डेस्कवर काढला आहे. दुसऱ्याने लिहिलेले नाव, हुद्दा, आकडा बरोबर आहे का ते पाहून मजकूर पुढे सोडायचा, हे तिथले काम. घरातही ती सवय राहिली. नवऱ्याने कोणाला काही सांगितले आणि त्यात चूक असली, तर मी तिथल्या तिथे दुरुस्त करते. पाहुण्यांसमोरही करते.

लखनऊत चढ नाही. सरावासाठी आम्ही मेट्रो स्टेशनचे जिने निवडले. पाठीवरच्या पिशवीत आट्याची थैली घालून सकाळी वर जायचे, खाली यायचे, पुन्हा वर जायचे, गाडीत बसायचे नाही. पहिल्या आठवड्यात सुरक्षारक्षकाने कोणाला शोधताय का म्हणून विचारले. नंतर तो आमच्याकडे बघून न बघितल्यासारखे करू लागला. शेजारचे गृहस्थ बँकेत आहेत. त्यांच्या गच्चीवर रोज माकडे येतात आणि पाण्याच्या टाकीचे झाकण काढून टाकतात. बंदर बघायला आफ्रिकेत कशाला जाता, आमच्या गच्चीवर या, असे ते प्रत्येक भेटीत म्हणायचे. गोरिला म्हणजे माकड नव्हे, त्याला शेपूट नसते, असे नवऱ्याने एकदा नीट समजावून सांगितले.

"बिना पूँछ वाले तो हमारी ब्रांच में बैठे हैं, भाईसाहब," ते म्हणाले. "कल ही आ जाइए."

नवऱ्याला काही वर्षांपासून संधिवात आहे. एक काळ असा होता की डब्याचे झाकण त्याला उघडता येत नव्हते. मग आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेट नावाची गोळी सुरू झाली आणि बोटे, गुडघे ताब्यात आले. मेट्रोचे जिने तो चढत होता ते या गोळीमुळे. रविवारी नाश्त्यानंतर ती त्याच्या हातात मी द्यायची.

लसीसाठी गेलो तेव्हा खोलीत आमच्याशिवाय कोणी नव्हते. डॉक्टर तरुण होते. कुठे जाणार, कधी जाणार, अंड्याची ॲलर्जी आहे का, असे प्रश्न त्यांनी विचारले. गोरिलांचे कळल्यावर हसले, फोटो दाखवायला या म्हणाले. मग नवऱ्याला विचारले, कुठली औषधे चालू आहेत.

"बीपी की एक गोली. बस."

"और हफ़्ते में एक मेथोट्रेक्सेट," मी म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. किती मात्रा, कधीपासून, असे विचारले. दोन्ही उत्तरे मी दिली. उत्तरे बरोबर होती.

डॉक्टरांनी समजावले ते असे. या लसीत जिवंत विषाणू असतो, कमजोर केलेला. ही गोळी शरीराची प्रतिकारशक्ती दाबते. अशा माणसाला लस दिली तर लसच आजार होऊ शकते आणि साठीनंतर तो धोका आणखी वाढतो. लस न घेता त्या भागात जाण्याचा सल्लाही ते देणार नव्हते. नवरा म्हणाला, धोका माझा आहे, मी तसे लिहून देतो.

"सर, आपके लिखने से वायरस थोड़े मान जाएगा," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता.

मग त्यांनी मला पुढच्या खुर्चीत बसायला सांगितले. मी बसले आणि बाही वर केली. नको म्हणावे, हे मला सुचले ते सुई काढून झाल्यावर.

परतताना गाडी नवऱ्याने चालवली. विकास नगरच्या चौकात सिग्नलला त्याने विचारले, दंड दुखतोय का. मी नाही म्हणाले. दुखत होता.

संध्याकाळी मी दोन्ही परवाने रद्द करू म्हणाले. परवाना पासपोर्टवरच्या नावाने मिळतो, तारीख ठरलेली असते, दुसऱ्याला देता येत नाही. त्याने ऐकून घेतले आणि नको म्हणाला. एक तरी जाऊ दे. दोन-तीन दिवस मी तेच बोलत राहिले, तो तेच उत्तर देत राहिला. शेवटी मी विचारले, डॉक्टरांना मी सांगायला नको होते का.

"तू कधी चुकीचं सांगतेस का?" तो म्हणाला आणि भाजी आणायला खाली गेला.

त्यानंतर त्याने माझ्या एकटीच्या प्रवासाची तयारी केली, पहिल्यापेक्षा काटेकोर. बूट घरात घालून फिरायला लावले. खाजकुयलीसारख्या झाडांसाठी जाड हातमोजे आणले. सर्दी-खोकला असलेल्या माणसाला गोरिलांजवळ जाऊ देत नाहीत, कारण आपली सर्दी त्यांना मारू शकते. म्हणून निघायच्या आधीचे पंधरा दिवस गर्दीत जायचे नाही, असे त्याने बजावले आणि बाजार स्वतःकडे घेतला. सकाळी मेट्रोच्या जिन्यापर्यंत तो सोबत यायचा. वर मात्र यायचा नाही. खाली टपरीवर चहा घेत उभा राहायचा आणि मी उतरले की धाप किती लागली ते बघायचा. चहावाल्याने एकदा त्याला विचारले, आप नहीं चढ़ते अब? त्याने काय उत्तर दिले ते वरून ऐकू आले नाही.

मे महिन्यात मी न थांबता चढू लागले. वरच्या मजल्यावर पोचल्यावर आंघोळ करून निघाल्यासारखे हलके वाटायचे. मला जायचे होते. सुरुवातीला मी केवळ त्याच्या सोबतीला म्हणून तयार झाले होते, हे घरात सगळ्यांना माहीत होते. आता त्याच्याशिवायही जायचे होते, हे कोणाला माहीत नव्हते. मुलीने फोनवर विचारले की कसे वाटतेय, तेव्हा मी म्हणाले, बाबासाठी वाईट वाटतेय. ते खरे होते. दुसरे मी सांगितले नाही.

मुलगी बंगळुरूला असते. लखनऊत वाढली, मराठी सगळे समजते, उत्तर हिंदीत देते. निघायच्या आदल्या रविवारी तिचा फोन आला. नवरा बाजारात होता. एक गोष्ट सांगायची आहे, बाबांनी मना केले आहे, असे ती म्हणाली. मग सांगितले. परवाने येण्याच्याही आधी, जानेवारीत, बाबा एकटे सांध्यांच्या डॉक्टरांकडे गेले होते. लस आणि ही गोळी एकत्र चालत नाही, हे त्यांना तिथेच कळले होते. काही महिने गोळी बंद ठेवून लस घेता येईल का, असे त्यांनी विचारले होते. डॉक्टरांनी साफ नाही सांगितले होते. गोळी थांबली तर सांधे पुन्हा धरतील आणि या वयात ती जोखीम घ्यायची नाही.

म्हणजे गोळीचे सांगायचे नाही, हे ठरवूनच तो लसीच्या त्या खोलीत गेला होता.

मी विचारले, मला का नाही सांगितले.

"मैंने बोला था, आई को बता दो," ती म्हणाली. "हँसने लगे. बोले, तेरी आई को बताओ तो सीधा छप जाता है."

तिने विचारले, आई, सुन रही हो? मी हो म्हणाले.

"आपने डॉक्टर को बता के ठीक ही किया, आई," ती म्हणाली. "मैं होती तो शायद चुप रह जाती. पता नहीं."

थोड्या वेळाने नवरा पिशव्या घेऊन वर आला. आंबे चांगले मिळाले म्हणाला. दशहरी, शेवटचे. फोन कोणाचा होता, असे त्याने विचारले. मी मुलीचा म्हणाले. काय म्हणत होती? काही नाही, म्हणाले, सांभाळून जा म्हणत होती. मी गोळी आणि पाणी आणून टेबलावर ठेवले. त्याने ती घेतली.

बुधवारी दुपारी त्याने मला विमानतळावर सोडले. वाटेत जानेवारीबद्दल मी बोलले नाही, तोही बोलला नाही. जंगलात वाटाड्याच्या पुढे जाऊ नकोस, गोरिला जवळ आला तर धावू नकोस, खाली बस, असे त्याने पुन्हा एकदा सांगितले. सामान ट्रॉलीवर त्याने चढवले. मागे गाड्या थांबल्या होत्या, भोंगे वाजत होते, त्यामुळे तो लगेच निघाला.

दिल्लीत उतरल्यावर फोन सुरू केला. त्याचा एक मेसेज आलेला होता. घरी पोचलो, असे त्यात लिहिले होते.