खालच्या ओळीतला फोटो

तुमच्या चौकातल्या फ्लेक्सवर बायकांचे फोटो कुठल्या ओळीत असतात, हे तुम्ही कधी पाहिलंय का? मी पाहिलं नव्हतं. आणि फ्लेक्स बनवणं हाच माझा धंदा आहे.

नांदेडच्या एका छोट्या जाहिरात कंपनीत मी मजकूर लिहिते. वडील चळवळीतले. घरात खेळण्यांपेक्षा पत्रकं जास्त होती. बाराखडी मी त्या पत्रकांच्याच मागच्या कोऱ्या बाजूवर गिरवली. स्त्री-पुरुष समानतेवर मला झोपेतून उठवलं तरी अर्धा तास बोलेन. हे आधीच सांगते, कारण पुढची चूक माझी आहे.

सगळे ज्यांना आपा, म्हणजे ताई, म्हणायचे, त्या आमच्याकडे बारा वर्षं डिझाइनचं काम करत होत्या. त्यांचे अब्बा दुकानांच्या पाट्या हाताने रंगवायचे. अक्षराची नजर तिथूनच आलेली. लातूरच्या शिकवणी वर्गांच्या निम्म्या जाहिराती आपांच्या डोक्यातून निघायच्या, पण गिऱ्हाइकासमोर बसायला मालक किंवा त्यांचा पुतण्या जायचा. शेवटी मालकांनी लातूरला शाखा काढली आणि आपांना प्रमुख केलं. अट एकच घातली. तीन महिने बघायचं. गिऱ्हाईक बाईशी बोलायला तयार झालं नाही, तर शाखा पुतण्याकडे.

उद्घाटनाचा फ्लेक्स माझ्याकडे आला. आपा तेव्हा लातुरात टेबल-खुर्च्या लावून घेत होत्या. आमच्यात नवा फ्लेक्स म्हणजे जुनी फाईल उघडायची, फोटो आणि नावं बदलायची. मी तेच केलं. वरच्या मोठ्या गोलात मालक, शेजारी पुतण्या, आणि खाली शुभेच्छुकांच्या ओळीत, दोन पाहुण्यांच्या मधे, टपाल तिकिटाएवढ्या आपा. मालकांनी मोबाईलवर पाहून अंगठा पाठवला. फ्लेक्स छापून लातूरला गेला.

उद्घाटन संध्याकाळी होतं. मी सकाळीच पोचले, तेव्हा एका शिकवणी वर्गाचे संचालक दारात उभे राहून फ्लेक्स वाचत होते. आत आले ते थेट, सुरुवातीचे दिवस मदतीला आलेल्या पुतण्याशेजारी बसले आणि नव्या वर्षाच्या जाहिरातींचं बोलू लागले. आपा काही सांगायला पुढे झाल्या, तर मान वर न करता त्यांनी आपला चहा बिनसाखरेचा सांगितला.

आपांनी चहा मागवला. मग बाहेर जाऊन फ्लेक्सखाली उभ्या राहिल्या. मी मागोमाग गेले आणि हा मीच केलाय असं सांगून टाकलं.

त्या रागावल्या नाहीत. "ती फाईल मुळात कुणी बनवली, म्हाईत हाय का? मीच. दहा वर्षांखाली. वर मालक, खाली बाया. आन् मला तसं कुणी सांगितलं बी नव्हतं."

मग म्हणाल्या, "दुसरा कर. आत्ताच."

अडचण फोटोची होती. हजारो लोकांचे फोटो लावलेल्या आपांचा स्वतःचा धड फोटोच नव्हता. मी वापरला तो आधार कार्डावरचा. शेजारच्या स्टुडिओत गेलो. फोटोग्राफर म्हणाला, जरा हसा. आपांनी मला विचारलं, "पुढाऱ्यावानी फोन लावू का कानाला?" त्यावर दोघी हसलो, आणि तोच फोटो चांगला निघाला.

दुपारी नवा फ्लेक्स चढला. वर एकट्या आपा, नावाखाली 'लातूर शाखा प्रमुख', आणि तळाच्या ओळीत बाकी सगळे. मालक आले, बराच वेळ स्वतःला शोधत राहिले. सापडल्यावर म्हणाले, "एवढा बारका?"

"माझा बी तेवढाच व्हता, साहेब," आपा म्हणाल्या.

मालक आत जाऊन पाहुण्यांत बसले. फ्लेक्स मात्र उतरवला नाही.

चार दिवसांनी संचालक परत आले आणि पुन्हा पुतण्याकडेच वळले. त्याने आपांच्या टेबलाकडे बोट दाखवलं. इथलं सगळं मॅडम ठरवतात, म्हणाला. संचालक अवघडून बसले, मग तासभर बोलले, आणि काम देऊन गेले. फ्लेक्समुळे त्यांचं मन बदललं असं मी म्हणणार नाही. बोलायचं कुणाशी, एवढं त्यांना कळलं. तीन महिने कधीच उलटले. शाखा आपांकडेच आहे.

ती जुनी फाईल मी पुसून टाकली. पण तसलीच फाईल चाकूरपासून किल्लारीपर्यंत प्रत्येक फ्लेक्सवाल्याकडे आहे, आणि ती उघडणारे हात पुष्कळदा आपल्याच बायांचे असतात.

म्हणून एक करा. पुढच्या वेळी दुकानाचा, वर्गाचा, बचत गटाचा फ्लेक्स करायला द्याल, तेव्हा अंगठा पाठवण्याआधी खालची ओळ नीट बघा. काम जिचं आहे ती तिथे बसलेली दिसली, तर तिला वर घ्यायला सांगा.