कार्ड वर धरा

माझे दोन्ही कान शाबूत आहेत ते माझ्या थोरल्या भावामुळे. त्याचे गेले. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे मी त्याच्यावर चिडलेला दिसेन. चिडलेला मी आहेच.

खारबावकडचं घर सोडून तो आधी भिवंडीत आला, लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, लागला आणि दोन वर्षांनी त्याने मला बोलावून घेतलं. मला त्याच्या शेजारचीच लूम मिळाली. दोन महिन्यांत निजताना माझ्या कानात शिट्टी वाजायला लागली. मी ते त्याला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी त्याने मला शेडच्या दारातूनच परत पाठवलं. दोघांनी कान कशाला घालवायचे, म्हणाला. मग मी चिंध्यांच्या धंद्यात शिरलो. कारखान्यांतून तुटकं सूत आणि कापडाची कातरण उचलायची आणि पुढे विकायची. या धंद्यात आवाज चढवावा लागतो, समोरच्याची दुखरी नस शोधावी लागते. मला दोन्ही जमलं. दहा वर्षांत माझं स्वतःचं गोदाम झालं. भाऊ लूमवरच राहिला आणि ठार बहिरा झाला.

शेडमध्ये त्याला बहिरा कोणी म्हणत नसे, कारण तिथे कोणालाच ऐकू यायचं नाही. सगळं बोलणं हातांनी. दोन बोटं कात्रीसारखी हलवली की धागा तुटला. अंगठा ओठाला लावला की चहा. पोटावरून गोल हात फिरवला की मालक आला. आणि पोटावरून हात फिरवून मग अंगठा खांद्यामागे दाखवला, तर मालकाचा माणूस, म्हणजे कामगारांत राहून आतल्या बातम्या मालकाला पोचवणारा. ही शेवटची खूण ते शिवीसारखी वापरायचे. मी दोन महिनेच तिथे होतो, पण या खुणा मला अजून येतात.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची, धान्याच्या ओढाताणीची वर्षं होती. बाहेर ज्वारी परवडायची नाही. रेशनवर मिलो नावाची परदेशी लाल ज्वारी, थोडा गहू, मूठभर साखर आणि रॉकेल मिळायचं, त्यावर घर चालायचं. भावाची दुपारची शिफ्ट, म्हणून सकाळी रेशनला तोच जायचा. वहिनी घरी लूमसाठी सुताच्या कांड्या भरायची. जेवढ्या कांड्या तेवढे पैसे, त्यामुळे तिला सकाळ मोडून चालत नसे.

दुकानात पद्धत अशी होती. सकाळी सगळ्यांनी आपलं कार्ड खिडकीत ठेवायचं. कार्डांचा ढीग व्हायचा. कारकून वरचं कार्ड उचलायचा, मान खाली ठेवूनच नाव पुकारायचा, दोनदा, फार तर तीनदा. ओ आली नाही की कार्ड ढिगाच्या तळाशी. दुपारी खिडकी बंद. आठवड्याचा माल शनिवारपर्यंत उचलला नाही तर तो गेला, पुढच्या आठवड्यात मागता येत नसे.

भाऊ रिकामी पिशवी घेऊन परत येतो हे मला वहिनीने सांगितलं, तेही तिसरा आठवडा बुडाल्यावर. मी त्याच्याकडे गेलो. तो ओट्यावर बसला होता. बहिऱ्या माणसांचा आवाज मोठा असतो, तसा मोठ्याने म्हणाला, "दुकानदाराला एवढंच सांग. नाव घेताना कार्ड वर धर म्हनावं. माजं कार्ड मी लांबून वळखतो, कोपरा जळलेला हाय. आनिक काय नको."

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर गेलो. दुकानदाराला सगळे शेठ म्हणत. मी सरळ सांगितलं, कारकुनाला कार्ड वर धरायला सांगा. शेठने माझ्याकडे न बघताच उत्तर दिलं, "इथे अर्धी लाइन बहिरी आहे. एकेकाला दाखवत बसलो तर संध्याकाळ होईल. मी माल विकतो, तमाशा नाही दाखवत."

त्याचं एक खरं होतं. रांगेतली अर्धी माणसं लूमवरची होती. ती कारकुनाच्या ओठांकडे टक लावून बघत होती, आणि कारकून मान खाली घालून बोलत होता.

माझं डोकं फिरलं. खिडकीतून हात घालून मी कारकुनाची कॉलर धरली. लोकांनी सोडवलं. पण भांडता भांडता माझं लक्ष आतल्या दाराकडे गेलं होतं. तिथे साखरेची दोन पोती शिवलेली होती आणि ती न्यायला हॉटेलची हातगाडी लागली होती. बाहेर फळ्यावर लिहिलं होतं, साखर संपली.

मी कॉलर सोडली आणि शेठला बाजूला घेतलं. हे मला येतं. मी म्हणालो, रेशनिंगचा इन्स्पेक्टर माझ्या ओळखीचा आहे. तो नव्हता, पण शेठला ते कुठे माहीत? शेठने विचारलं, काय पाहिजे. त्या क्षणी मी काहीही मागू शकलो असतो. कार्ड वर धरायला लावू शकलो असतो, साखर बाहेर काढायला लावू शकलो असतो. पण धंद्यात एक सवय लागते. समोरचा वाकला की आधी आपला माल उचलायचा, बाकीच्यांचं बाकीचे बघतील. मी म्हणालो, माझ्या भावाचं कार्ड ढिगात जाणार नाही. तो बाजूच्या दाराने येईल आणि माल घेऊन जाईल. पोती मी बघितलीच नाहीत.

शेठ लगेच हो म्हणाला. इतक्या लगेच, की आपण कमी मागितलं हे मला तिथेच कळायला हवं होतं.

बाहेर आलो तर रांगेतल्या एका म्हाताऱ्या विणकराने मला अडवलं. उत्तरेकडचा होता, भावाच्याच शेडमधला. त्याला ऐकू येत नव्हतं, पण हातगाडी दिसली होती, आणि मी शेठच्या कानाशी लागलेलाही दिसलो होतो. तो म्हणाला, "बहरे तो हम भी हैं, भाई."

मला ऐकू आलं. मी भावाचा दंड धरून चालायला लागलो.

भावाला मी एवढंच सांगितलं, की शेठला तुझी अडचण पटली. तीन महिने तो बाजूच्या दाराने माल आणत होता. साखरसुद्धा मिळायची. वहिनीने मला एकदा गोड शिरा खाऊ घातला. मी तो समाधानाने खाल्ला.

मग एका सकाळी तो पिशवी घेऊन थेट माझ्या गोदामात आला आणि पिशवी माझ्यासमोर चिंध्यांवर टाकली. पोटावरून गोल हात फिरवला आणि अंगठा खांद्यामागे दाखवला. रांगेतून त्याला ही खूण केली गेली होती. ज्यांच्या शेजारी तो इतकी वर्षं उभा राहिला त्यांनी केली होती.

कशावरून, ते त्याने विचारलं आणि मी सांगितलं. खोटं बोलायला हातांना जमत नाही की काय कोण जाणे, पण मी हातांनी सगळं सांगितलं, पोत्यांसकट.

"मी काय मागितलं व्हतं तुज्याकडं?" तो म्हणाला.

मी हातवारे केले, तुला माल मिळाला की नाही?

"तुला आयकू येतं," तो म्हणाला, "तरी न्हाय आयकलंस."

पुढच्या आठवड्यापासून तो परत रांगेत उभा राहिला. शेठला बरंच झालं. सौदा भावानेच मोडला होता, आणि इन्स्पेक्टर माझ्या ओळखीचा नाही हे तोवर शेठने शोधून काढलं होतं. भावाचं कार्ड पुन्हा ढिगात गेलं.

एके दिवशी मी समोरच्या चहाच्या टपरीवरून बघत बसलो. या मधल्या काळात रांगेने स्वतःचा मार्ग काढला होता. खिडकीजवळ एक ऐकू येणारा माणूस उभा असायचा. नाव पुकारलं की तो मागे वळून हाताने खूण करायचा. प्रत्येकाची वेगळी खूण ठरवलेली. लंगड्याची मांडीवर थाप, दाढीवाल्याची हनुवटीला हात. शेठचा एक पैसा खर्च झाला नव्हता, वेळही गेला नव्हता. एकामागून एक माणसं पुढे जात होती, पिशवी भरून परतत होती.

मग कारकुनाने माझ्या भावाचं नाव घेतलं. मला रस्त्यापलीकडून ऐकू आलं. खिडकीजवळचा माणूस वळला नाही. दुसऱ्यांदा पुकारलं. भाऊ रांगेत उभा राहून त्याच्याकडेच बघत होता. मी धावत गेलो, भावासमोर उभा राहिलो आणि हात हलवून सांगितलं, तुझं नाव, जा. त्याने मान फिरवली आणि भिंतीकडे बघत राहिला. बहिऱ्याने नजर काढून घेतली की त्याच्याशी बोलायला काही उरत नाही. तिसऱ्यांदा पुकारून कारकुनाने कार्ड तळाशी सरकवलं.

मी त्या वेळी खिडकीजवळच्या माणसाला शिव्या दिल्या. त्याने शांतपणे विचारलं, "आम्हाला साखर कधी मिळाली होती, शेठ?" मला तो शेठ म्हणाला.

पुढे वहिनी रांगेत जायला लागली. कांड्यांचं काम निम्म्यावर आलं, मग सुटलं. मी गव्हाचं पोतं पाठवलं, ते जसंच्या तसं परत आलं. शेडमध्येही त्याच्याशी कोणी हात हलवेना. धागा तुटला तर तुटला. वर्षभरात दोघे गावी निघून गेले.

दशक सरता सरता शेलार गावाच्या बाजूला एका रेशन दुकानाचा परवाना मी मिळवला. माझ्या दुकानात नाव घेताना कार्ड वर धरतात, गिऱ्हाइकाकडे तोंड करून. वेळ फारसा जात नाही, मी बघितलं आहे. लोक माझं कौतुक करतात. लूमवरची माणसं लांबून येतात. तो म्हातारा विणकर मात्र कधी आला नाही.

मला भावाचा अजून राग आहे. मी त्याला धान्य मिळवून दिलं होतं, ते त्याने लाथाडलं. गावी गेलो की मी अंगणात त्याच्यासमोर बसतो आणि दुकानाबद्दल सांगायला हात वर करतो. तो भाताच्या खाचराकडे बघत असतो. मी उठून जागा बदलतो आणि त्याच्या नजरेसमोर येतो. तो दुसरीकडे बघायला लागतो.