तीन सारखे चेहरे, तीन वेगळी कॉलेजं

तिळ्या मुलींच्या आईला किस्से जमवावे लागत नाहीत, ते दारातल्या चपलांसारखे आपोआप साचतात! पूर्वा, पल्लवी, प्राची बारावी झाल्या आणि फुलचूरच्या आमच्या घरात ॲडमिशनचा सीझन सुरू झाला.

हाताशी असावं म्हणून आधी गोंदियातच एका कॉलेजात तिघींचे फॉर्म भरले. खिडकीवरच्या बाबूंनी आडनाव पाहिलं, जन्मतारीख पाहिली, फोटो पाहिला.

"ताई, एकच फॉर्म तीनदा काऊन भरून राहिल्या?"

मी तिघींना पुढे केलं. बाबूंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "बरं झालं जी, मले वाटलं चष्म्याचा नंबर वाढला!"

त्या भल्या माणसानं मग जेवणाचा डबा बाजूला ठेवून तिघींचे कागद तपासून दिले.

माझे सासरे केशोरीला बांध्यांत, म्हणजे खाचरांत, धान पिकवतात. त्यांचा हुकूम आला, "तिघीले एकाच कॉलेजात टाका. एक खोली, एक काळजी!"

प्राची म्हणाली, "आबाजी, तुम्ही एका बांधीत तीन जातीचं धान लावता का?"

आबाजी माझ्याकडे वळले. मग मला म्हणाले, "सूनबाई, इले ॲग्रीलेच टाक!"

अकरावी-बारावीला शिकवणाऱ्या विज्ञानाच्या मॅडमनी दोन वर्षांत एकदाही तिघींची नावं चुकवली नाहीत. मी विचारलं, "कसं ओळखता हो?"

"प्रश्नावरून! पूर्वा विचारते 'हे कसं चालतं?' पल्लवी विचारते 'कोणाला दुखतं?' आणि प्राची नुसतं 'काऊन?'"

जन्म मी दिला, पण पोरी मला त्या दिवशी कळल्या. मॅडमचे उपकार फिटायचे नाहीत. पूर्वा इंजिनिअरिंगला, पल्लवी नर्सिंगला, प्राची ॲग्रीला, असं तिथंच ठरलं.

दोघींचं झालं, पण पल्लवीचं नाव दोन याद्यांत आलं नाही. बहिणींनी बॅगाच भरल्या नाहीत. "तिचं झाल्याशिवाय आम्ही जात नाही!"

तिसऱ्या यादीत नाव लागलं. मी धावत जाऊन रडणाऱ्या पोरीला पोटाशी धरलं. "लागला ना वो नंबर! आता रडते कायले?"

"आई, मी पूर्वा. पल्लवी तिकडं नाचून राहिली!"

मग पूर्वा नागपूरला होस्टेलवर गेली. पहिल्या रविवारी फोन आला.

"आई, वर्गात हजेरी झाली. सरांनी दोनदा माझं नाव घेतलं, मी गप्पच बसली."

"काऊन?"

"वाटलं, नेहमीसारखी दोघींतली कोणीतरी ओ देईल."