पारोसं पाण्यात उतरायचं नाही

रोटोरुआचा आधी वास येतो, मग गाव दिसतं. गाडीच्या काचा बंद होत्या तरी माझ्या लेकीने नाक दाबलं. "आजी, इट्स सो स्टिंकी!"

"गंधक आहे तो. औषध आहे," आई पुढच्या सीटवरून म्हणाली आणि उलट काच खाली करून तिने छाती भरून श्वास घेतला. "बाय, आपल्या कुंडावर अस्साच वास यायचा. आठवतं?"

आठवत होतं. म्हणून तर आम्ही निघालो होतो.

२०१६चा हिवाळा होता. आई पहिल्यांदाच न्यूझीलंडला, आमच्या रोटोटुना उपनगरातल्या घरी राहायला आली होती आणि पुढच्याच आठवड्यात परत जाणार होती. लहानपणी कोकणात आम्ही एस.टी.ने गरम पाण्याच्या कुंडावर जायचो. आई आम्हा भावंडांना चोळून अंघोळ घालायची, कुंडात सोडायची आणि स्वतः काठावर कपड्यांचं बोचकं सांभाळत बसायची. "मी पुढच्या खेपेला," म्हणायची. ती खेप कधी आलीच नाही. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली, आणि तीही आईने हट्टाने मला तालुक्याच्या शाळेतून इंजिनिअरिंगला धाडलं म्हणून. मला तिला एकदा तरी गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसलेलं बघायचं होतं. ऑफिसात मी आठवडाभर हेच सगळ्यांना सांगत सुटले होते.

अडचण कपड्यांची होती. इथे पोहायच्या कपड्यांना टॉग्ज म्हणतात, आणि त्याशिवाय पाण्यात सोडत नाहीत. साडी नाही, सलवार-कमीज नाही. मी शोधशोधून मनगटापासून घोट्यापर्यंत झाकणारे काळे टॉग्ज आणले होते. आईने ते दोन बोटांत धरून पाहिले. "या वयात मला सर्कशीत पाठवतेस होय?" तरी पिशवीतून काढून मात्र टाकले नाहीत. मला तेवढी आशा पुरे होती.

आधी उकळत्या चिखलाची डबकी पाहिली. "पिठलं रटरटतंय बघ," आई म्हणाली. मग जमिनीतून पाण्याचा फवारा असा उंच उसळला की लेक आणि मी दोघी किंचाळलो, आणि आईने त्याला हात जोडले. तिथून आम्ही तळ्याकाठच्या गरम कुंडांवर गेलो. माझा नवरा, म्हणजे आईचे जावईबापू, बाहेर कॉफी पीत थांबले.

बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत आईने पिशवी उघडली. त्यातून निघालं लेकीचं प्लास्टिकचं बुटकं स्टूल, ज्यावर चढून ती घरी दात घासते. मग तांब्या. मग डाळीच्या पिठाची डबी.

"अगं आई, इथे शॉवर आहे!"

"उभ्याने अंग ओलं केलं की झाली अंघोळ?"

"सकाळी केलीस ना घरी?"

"एवढा प्रवास झाला त्यावर. चार लोकांचं पाणी ते. पारोसं उतरायचं नाही."

आणि परकर छातीशी बांधून ती शॉवरखाली स्टुलावर बसलीसुद्धा. तांब्या भरायचा, अंगावर ओतायचा, पीठ लावायचं. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका वळसा घालून जात होत्या. आता कोणीतरी येऊन ओरडणार, आणि आई चिडून साडी नेसणार, या धास्तीने मी दाराकडे बघत होते.

तेवढ्यात पांढऱ्या केसांची एक जपानी बाई थांबली. आईच्याच वयाची. तिने स्टूल पाहिलं, तांब्या पाहिला आणि दोन्ही हात तोंडावर नेले. "हिला माहीत आहे!" ती मोडक्या इंग्रजीत मला म्हणाली. ती म्हणे अशा गावची, जिथे गल्लीगल्लीत गरम झरे आहेत, गटारांतून वाफा येतात आणि त्या वाफेवर लोक अंडी उकडतात. तिथे आधी असल्याच स्टुलावर बसून, बादली-मगाने स्वच्छ अंघोळ करायची, मगच कुंडात पाय. इथे लोक सरळ पाण्यात शिरतात ते बघून सहलभर तिच्या अंगावर काटा येत होता.

मी हे आईला सांगितलं.

"मग! मी काय वेगळं सांगत होते?" आई उठली आणि तिने स्टूल त्या बाईकडे सरकवलं. "बसा हो तुम्ही." बाई बसली. आईने तिच्या पाठीवर तांब्या ओतला आणि पीठ लावून अशी खसाखसा पाठ चोळली की ती डोळे मिटून हसायलाच लागली.

"विचार गं, यांच्या गावात बायका पाण्यात काय घालून उतरतात?"

मी विचारलं. बाईने ओले हात हलवले.

"काही नाही म्हणतेय."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही, आई. सगळ्याजणी तशाच."

आईने एकदा बाईकडे पाहिलं, एकदा खुंटीवरच्या काळ्या टॉग्जकडे. "अगो बाई! मग माझं हे म्हणजे लग्नातला शालूच की! आण इकडे."

ओल्या अंगावर ते चढेनात. एका बाजूने मी ओढतेय, दुसऱ्या बाजूने ती जपानी आजी, आणि मध्ये आई हसून हसून खाली बसायची बाकी.

बाहेर हवा झोंबत होती, पाण्यावर वाफ दाटली होती. पायरीशी आई थबकली. सवयीने तिने माझ्या खांद्यावरची पिशवी ओढून घेतली, आमचे टॉवेल घेतले, लेकीच्या जँडल्स, म्हणजे रबरी चपलाही उचलल्या. "तुम्ही जा. मी सामान धरते."

तिच्या तोंडून हेच वाक्य ऐकत मी मोठी झाले होते.

जपानी आजीला शब्द कळला नसेल, पण तिने पाहिलं. तिने आईच्या हातातलं सगळं काढून माझ्याकडे दिलं. एक छोटा टॉवेल तेवढा ठेवला, चौकोनी घडी केला आणि आईच्या डोक्यावर ठेवला. तसाच आपला एक स्वतःच्या डोक्यावर; त्यांच्याकडची रीतच असावी. मग आईचा रिकामा हात धरून ती पायऱ्या उतरली.

आधी घोटे, मग गुडघे, मग कंबर. आई गळ्यापर्यंत बसली आणि तिच्या तोंडून एक लांबलचक "आऽऽई गं" निघालं.

"आजी, यू लुक सो फनी!" लेक तिच्याकडे पाणी उडवत म्हणाली.

"दिसू दे."

बऱ्याच वेळाने मी म्हणाले, "आई, निघू या का? हे बाहेर थांबलेत."

"थांबू देत." तिने डोळेसुद्धा उघडले नाहीत. "बाय, तू तेवढं स्टूल सांभाळ. मी काही एवढ्यात येत नाही."

मी पाय पाण्यात सोडून काठावर बसले. मांडीवर पिशवी, तांब्या आणि जँडल्स, बाजूला स्टूल.