खजूरची चिप आणि आबांचा चहा

कुत्रा बाजेवर शहाण्यासारखा बसला होता. इतका शहाणा कुत्रा मला आवडत नाही. जनावरांची डॉक्टर म्हणून माझी सगळी नोकरी झाली. सुई बघून जो शेपटी हलवतो, त्याच्याबद्दल मला आधी काळजी वाटते.

रावेरकडच्या एका केळीच्या मळ्यातली ही गोष्ट, उन्हाळ्यातली. सरकारी नोकरीतून रिटायर झाल्यावर मी जळगावात कुत्र्या-मांजरांचा छोटा दवाखाना काढला. नातवंडं म्हणतात, आजीला घरात करमत नाही. खरं आहे. मळ्याचे मालक आबा. त्यांची एकुलती मुलगी मृणाल जर्मनीत नोकरी करते. जाताना तिने आपला कुत्रा, खजूर, आबांकडे ठेवला होता. आता तिला तिकडे मोठं घर मिळालं आणि दिवाळीत येऊन ती त्याला घेऊन जाणार होती. त्यासाठी त्याला मायक्रोचिप टाकायची होती.

ही चिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी. दोन खांद्यांच्या मधे, कातडीखाली, जाड सुईने सोडायची. कुत्रा कुठे हिंडतोय ते तिच्यामुळे मोबाइलवर दिसत नाही. हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो. तिच्यात फक्त एक नंबर असतो. वरून स्कॅनर फिरवला की तो दिसतो. परदेशात न्यायचं तर आधी चिप, मग रेबीजची लस. उलटं केलं तर लस धरत नाहीत, कारण ती नेमकी याच कुत्र्याला दिली हे कशावरून? मग महिन्याभराने रक्ताची तपासणी, आणि पुढे काही महिने थांबायचं. म्हणून दिवाळीची तयारी उन्हाळ्यात.

मृणालने फोनवर बजावलं होतं, "मॅडम, तो सुईला फार घाबरतो. धरायला माणसं लागतील. मी एक व्हॉइस मेसेज पाठवते, तो ऐकवा, शांत होईल."

आणि इथे हा महात्मा जांभया देत होता.

मी पोचले तेव्हा आबा म्हणाले होते, कुत्रा मळ्याच्या त्या टोकाला आहे, आणतो, तोवर चहा घ्या. चहा छान होता. शेवटचा घोट घेताना मला साक्री आठवली.

साक्रीला माझी पहिली नेमणूक. पांढराशुभ्र कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, डोक्यात हवा. जनावराचा चेहरा एकदा बघितला की विसरत नाही, असं मी शिपायालाही ऐकवायचे. एका योजनेत वाटलेल्या शेळ्यांची तपासणी करायला मी पाड्यावर गेले. प्रत्येक घरी आधी चहा. चहा संपला की शेळ्या हजर. मग पुढचं घर, पुन्हा चहा, पुन्हा शेळ्या. सगळ्या घरी सारख्याच काळ्या-पांढऱ्या. मी कौतुकाने विचारलं, तर तिथली एक म्हातारी म्हणाली, "बाई, बठ्ठ्या बहिणी-बहिणी शेतस." सगळ्या बहिणीच म्हटल्यावर मी रिपोर्टमध्ये लिहिलं, जातीत उत्तम एकसारखेपणा आढळला. मी चहा पीत असताना त्याच शेळ्या मागच्या गल्लीने माझ्या पुढे पोचत होत्या, हे साहेबांनी रिपोर्ट वाचता वाचताच ओळखलं. ऑफिसात पुढे कितीतरी दिवस मला कुणी चहा विचारला की बाकीचे खाली मान घालून हसायचे.

म्हणून आबांचा कप मी खाली ठेवला आणि सुईही. पर्समधून मोबाइल काढला आणि मृणालचा मेसेज लावला. "खजूर, माझा बाळ, घाबरू नको हं..."

बाजेवरच्या कुत्र्याने कान खाजवला. पण पलीकडच्या, विहिरीच्या मोटारीच्या खोलीत एकदम गहजब झाला. रडणं, भुंकणं, पत्र्याच्या दारावर नखं.

आबा खोकले. "मोटर बिघडेल हाये."

"भुंकते?"

मी बाजेवरच्या कुत्र्याची मान खाजवली. "आणि हे कोण?"

"मुन्ना. त्याचा भाऊ."

खजूरचा खरोखरच सख्खा भाऊ. रंग तोच, कान तेच. म्हणजे कागदावर खजूर, चिप मुन्नाच्या मानेत. दिवाळीत विमानतळावर खजूरवर स्कॅनर फिरवला की नंबर दिसणार नाही, आणि कुत्रा मळ्यात परत. साक्रीच्या म्हातारीने शाबासकी दिली असती.

"आबा, मुलीला सरळ नाही म्हणायचं की."

"तिले आजलोक कोन्त्याच गोष्टीले नाही म्हटलं नाही मी." ते बांधावर बसले. "आता कसं म्हनू?"

सर्टिफिकेटवर माझी सही होणार होती, तेव्हा खोटी चिप मी टाकणार नव्हते. आणि खरी टाकावी तर या माणसाचं तोंड बघवत नव्हतं. मी मृणालला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि आबांच्या हातात दिला. ते आधी उन्हाबद्दल बोलले, मग केळीच्या भावाबद्दल. मी डोळे वटारले.

"पोरी," ते म्हणाले, "खजऱ्या गेला त संध्याकायी मी कोनाशी बोलू?"

"माझ्याशी बोला ना आबा. मी रोज फोन करते. तुम्ही 'सगळं बरं हाये' म्हणता आणि ठेवून देता."

मला अचानक पेटीतला कापूस शोधावासा वाटला. तो वरच होता, तरी मी तळापर्यंत शोधला.

शेवटी मृणाल म्हणाली, चिप तर टाकून घ्या, पुढचं दिवाळीत बघू. आबांनी स्वतः दार उघडलं. खजूरला धरायला आबा, त्यांचा सालदार आणि माझा ड्रायव्हर लागले; माझ्या ब्लाउजची एक बाही त्याने फाडली. मला फार बरं वाटलं. हाच तो कुत्रा. स्कॅनर वाजला, नंबर आला. लस आणि रक्ततपासणीही पुढे वेळेवर झाली.

दिवाळीत मृणाल आली. खजूर तिच्या अंगावर लोळला, रात्रभर तिच्या पायाशी झोपला. सकाळी आबांनी मळ्यात जायला मोटारसायकलला किक मारली, आणि हा तिच्या पांघरुणातून उठून पेट्रोलच्या टाकीवर जाऊन बसला. चार सकाळी तिने हे पाहिलं. पाचव्या दिवशी तिचा मला फोन आला. "मॅडम, त्याचं विमानाचं राहू द्या." पुढे जर्मनीहून तिने सांगितलं, "आता आबाच फोन करतात. तासभर बोलतात. अर्धा वेळ कुत्र्याबद्दल."

ती परत गेल्यावर आबा दोन्ही कुत्र्यांना गाडीत घालून दवाखान्यात आले. मुन्नाकडे बोट दाखवून म्हणाले, "याले बी चिप टाका."

"हा कुठं निघालाय?"

"कुठीच नाही. पन दोघं सारखे दिसतात. उद्या कोनी अदलाबदल केली म्हंजे?"

चेहरा अगदी गंभीर. मी मुन्नाला चिप टाकली. त्याने जांभई दिली. आबांनी थर्मास काढला आणि माझ्यासाठी कप भरला. मी दोन्ही कुत्र्यांवर स्कॅनर फिरवला, दोन्ही नंबर जुळवून पाहिले, आणि मगच कपाला हात लावला.